एका टपालवाल्याचें प्रवासपुस्तक

प्रवासाला निघणारा मनुष्य सामानाची बांधाबांध करण्याआधीं एक काम हटकून करतो. त्या गांवीं जो जाऊन आला असेल त्याला तो गांठतो. उतरावें कोठें, जेवण कोठलें बरें, गाडीवाला मागतो किती आणि घेतो किती, देवळाचे दरवाजे किती वाजतां बंद होतात, ही सारी माहिती चहाच्या एका पेल्याबरोबर मिळते. आणि विचारणाऱ्यापेक्षां सांगणाऱ्यालाच तींत अधिक गोडी वाटते, हेंहि सर्वांच्या अनुभवाचें आहे. अशा गप्पांना घटकाभरची करमणूक समजण्याचा प्रघात आहे. परंतु अमेरिकेंत एक समाज असा होता कीं, त्यांतील प्रवासी कुटुंबांची रात्रीची झोंप, आणि प्रसंगीं जीवहि, याच गप्पांवर अवलंबून असे. त्या समाजांतील एका टपालवाल्यानें या गप्पांचें पुस्तक केलें, आणि तें जवळजवळ तीस वर्षें चाललें.

या टपालवाल्याचें नांव व्हिक्टर ह्यूगो ग्रीन. आईबापांनीं मुलाला थोर फ्रेंच कादंबरीकाराचें नांव ठेविलें खरें, पण मुलाच्या हातून जें पुस्तक व्हावयाचें होतें त्यांत कल्पनेचा अंशहि नव्हता. १८९२ सालीं जन्मलेला हा कृष्णवर्णीय गृहस्थ न्यू जर्सी राज्यांतील हॅकेनसॅक या गांवीं घरोघर टपाल वांटीत असे. बिऱ्हाड त्यानें पुढें न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तींत केलें. त्याची पत्नी आल्मा दक्षिणेकडील व्हर्जिनिया राज्यांतली. उत्तरेंत नोकरीधंद्यासाठीं आलेल्या अनेक कृष्णवर्णीयांचे आप्तेष्ट असेच दक्षिणेंत असत, आणि सुट्टी लागली कीं मुलांना आजोळीं नेणें आलेंच.

अमेरिकेंतून गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें गेली. तरीहि पुढें कित्येक दशकें दक्षिणेंतील आगगाडींत आणि बसमध्यें कृष्णवर्णीय उतारूनें कोठें बसावें हें कायदाच ठरवीत असे. म्हणून ज्याला परवडे तो मोटार घेई. स्वतःच्या मोटारींत पुढच्या बैठकीवर बसावयाला कोणाची परवानगी लागत नव्हती. परंतु मोटार झाली तरी ती कोठेंतरी थांबणारच. पेट्रोल संपतें, मुलांना भूक लागते, रात्र पडते. आणि चाकें थांबलीं कीं संकट उभें राही. पेट्रोल विकणारा पैसे घेई, पण शौचगृह वापरूं देत नसे. खाणावळीच्या मागील दाराशीं उभें राहून पुडा घ्यावा लागे. कित्येक ठिकाणीं तोहि मिळत नसे. हॉटेलांत खोल्या रिकाम्या असत, पण दारांत उभ्या असलेल्या माणसाचा रंग पाहतांच त्या भरून जात. हें केवळ दक्षिणेंतच होतें असें नाहीं. उत्तरेंत आणि पश्चिमेंत पुष्कळ ठिकाणीं असा कायदा नव्हता, रिवाज होता. आणि प्रवाशाला रिवाज हा कायद्याहून अधिक घातक, कारण कायदा निदान आगाऊ वाचतां तरी येतो. कित्येक गांवें अशीं होतीं कीं, सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीय मनुष्य तेथें दिसतां उपयोगी नसे. कांहींच्या वेशीवर तशा पाट्या लावलेल्या असत. पुष्कळांच्या वेशीवर कांहींच नसे, आणि ज्याला ठाऊक नाहीं तो बेधडक आंत शिरे.

यामुळें अशा कुटुंबाचें प्रवासाचें सामान निराळेंच असे. दोन दिवस पुरेल एवढी शिदोरी, पाण्याचीं भांडीं, पांघरुणें, पेट्रोलचा जादा डबा, आणि लहान मुलांची अडचण होऊं नये म्हणून एक बादली. कोणी कोणी शोफरची टोपीहि जवळ बाळगीत. चांगली मोटार पाहून एखाद्या पोलिसानें अडविलेंच, तर ती टोपी डोक्यावर चढवून, “गाडी मालकाची आहे, पोंचवावयास नेत आहें,” असें सांगावयाचें. घामाच्या पैशानें घेतलेली मोटार परक्याची म्हणून सांगावयाची, शेजारी बसलेली बायको ही मालकाची मोलकरीण म्हणावयाची, आणि हें सारें मागें बसलेल्या मुलांच्या देखत!

रमतगमत केलेल्या प्रवासाचें सुख कशांत असतें? वाटेंत तळें दिसलें म्हणून थांबावें, गांव आवडलें म्हणून एक रात्र अधिक काढावी, फाट्यावर पाटी वाचून मूळचा बेत बदलावा, यांतच तें असतें. परंतु हें सुख ज्याची संध्याकाळ ठरलेली आहे त्यालाच मिळूं शकतें. रात्रीं पाठ टेकावयास जागा मिळेल कीं नाहीं हें ज्याला माहीत नाहीं त्याचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा मावळत्या सूर्यावर असतो. तो डोंगर ओलांडतो, पण डोंगर पाहत नाहीं. अनेक कुटुंबें रात्रभर मोटार हांकीत, नवरा दमला कीं बायको चाक हातीं घेई, आणि शेंकडों मैल मुलुख अंधारांतून निघून जाई. अशा प्रवाशाला एका खात्रीच्या पत्त्यानें बिछान्याबरोबरच वाटेवर रेंगाळण्याचा अवकाशहि मिळे.

ग्रीननें आपलें पुस्तक प्रथम १९३६ सालीं काढलें. नांव ‘नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक’. हिरवा रंग आणि स्वतःचें आडनांव यांची सांगड त्यांत आपोआपच बसली. ही कल्पना अगदींच अपूर्व होती असें नव्हे. १९३० सालीं हॅक्ली आणि हॅरिसन यांच्या नांवाची अशीच एक मार्गदर्शिका निघाली होती, आणि ज्यू प्रवाशांसाठीं निघणाऱ्या अशा याद्याहि ग्रीनच्या पाहण्यांत होत्या. त्याचें पहिलें पुस्तक न्यूयॉर्कच्या परिसरापुरतेंच होतें. परंतु मागणी अशी आली कीं, थोड्याच काळांत त्याला देशभरचे पत्ते गोळा करावे लागले. नोकरी संभाळून एकट्यानें एवढा देश पालथा घालणें शक्य नव्हतें. त्यानें वाचकांनाच हांक दिली. जेथें उतरलां, जेथें जेवलां, जेथें मोटार दुरुस्त करून मिळाली, तें कळवा. पसंत पडलेल्या वृत्तांताला आरंभीं एक डॉलर दिला जाई. पुस्तकाची किंमत तेव्हां पंचवीस सेंट होती, हें लक्षांत घेतां हा मोबदला कमी नव्हता. देशभरच्या टपालवाल्यांच्या ओळखीहि त्याच्या कामीं आल्या असें सांगतात, आणि तें पटण्यासारखें आहे. कोणत्या गल्लींत कोण राहतें, कोणाचें घर मोठें आहे, हें टपालवाल्याहून कोण अधिक जाणणार?

पुस्तक उघडून पाहिलें तर प्रथम निराशाच होते. प्रवासवर्णन म्हणतात तें त्या याद्यांत जवळजवळ नाहींच. राज्याचें नांव, त्याखालीं गांवाचें नांव, त्याखालीं हॉटेलें, खाणावळी, पेट्रोलचीं दुकानें, केशकर्तनालयें, शिंपी, औषधांचीं दुकानें, आणि प्रत्येकापुढें रस्ता व घरक्रमांक. लहान गांवांतून हॉटेल नसे. तेथें ‘टूरिस्ट होम’ म्हणून खासगी घरें असत, आणि त्यांपुढें बहुधा एखाद्या बाईंचें नांव असे. घरांतली एखादी खोली झाडूनपुसून ती परक्या कुटुंबाला रात्रीपुरती द्यावयाची, सकाळीं न्याहारी घालावयाची, आणि पुढच्या गांवीं कोणाकडे उतरावें हें सांगून निरोप द्यावयाचा, असा तो व्यवहार. प्रवासी मंडळींना अतिशयोक्तीची खोड असते. पाहिलेला धबधबा सांगतांना दुप्पट उंच होतो. येथें अतिशयोक्तीला वावच नव्हता. पत्ता चुकला तर कोणाचें तरी कुटुंब भलत्याच गांवीं रात्रीं उघड्यावर पडणार होतें.

ज्यांनीं दारें लावलीं त्यांच्या नांवांचा पाढा मात्र या पुस्तकानें वाचला नाहीं. अडचण आणि अवमान टळावा म्हणून ही माहिती, एवढेंच सौम्य शब्दांत सांगून तें आपल्या यादीला लागे. हा सौम्यपणा कोणाला मिंधेपणाहि वाटेल. परंतु जें पुस्तक मोटारींतून घेऊन फिरावयाचें, जें पोलिसाच्या हातीं सांपडण्याचा संभव, त्यानें कमी बोलून अधिक उपयोगीं पडावें हाच शहाणपणा होता. एस्सो या तेलकंपनीच्या पेट्रोलपंपांवरहि तें मिळूं लागलें, आणि त्यामुळें त्याचा प्रसार दूरवर झाला. आपल्या मनांतली गोष्ट ग्रीननें प्रस्तावनेंत एकदां स्पष्ट लिहिली आहे: अशा पुस्तकाची गरजच उरणार नाहीं असा दिवस यावा, आणि त्या दिवशीं आपण तें आनंदानें बंद करूं.

मराठी वाचकाला हें सारें दूरदेशींचें वाटण्याचें कारण नाहीं. हार्लेमला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे, आणि तेथें १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत दोन प्रवास आहेत. पहिला १९०१ मधला. नऊ वर्षांचा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगांवीं निघाला. येत असल्याचें पत्र वडिलांच्या हातीं पडलें नव्हतें, म्हणून मसूर स्टेशनवर न्यावयास कोणी आलें नाहीं. मुलें महारांचीं हें कळतांच एकहि गाडीवान तयार होईना. शेवटीं दुप्पट भाडें ठरलें. मुलांनीं बैलगाडी हांकावी आणि गाडीवानानें पायीं चालावें! बरोबर जेवण होतें, पण वाटेंत प्यावयास पाणी मिळेना, म्हणून तें तसेंच राहिलें. दुसरा प्रवास १९३४ मधला, आणि तो निव्वळ सहलीचा. चळवळींतील तीसएक सहकाऱ्यांना वेरूळचीं लेणीं पाहावयाचीं होतीं. वाटेंत अडचण नको म्हणून, जेथें मुक्काम ठरला आहे तेथेंच आपली ओळख सांगावयाची, असें मंडळींनीं ठरविलें होतें. दौलताबादच्या किल्ल्याशीं धुळीनें माखलेले हातपाय त्यांनीं हौदावर धुतले, आणि हौद बाटला म्हणून एकच गिल्ला झाला. किल्ला त्यांना अखेर पाहावयास मिळाला, परंतु आंत कोठें पाण्याला शिवूं नये म्हणून बरोबर एक शस्त्रधारी शिपाई देण्यांत आला. हार्लेमच्या टपालवाल्याला ही हकीकत समजावून सांगावी लागली नसती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ग्रीनचें पुस्तक बंद होतें. युद्धानंतर तें पुन्हां निघालें, आणि आतां त्यांत सुट्टीच्या आनंदाचा भाग वाढला. १९४७ सालीं ग्रीननें खोल्या आगाऊ राखून देण्याची सोयहि सुरू केली. मिशिगन राज्यांत आयडलवाइल्ड येथें तळ्याकांठीं कृष्णवर्णीयांचें स्वतःचें विश्रांतिस्थान १९१२ पासून वसत आलें होतें. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर ओक ब्लफ्स येथें शिअरर नांवाच्या कुटुंबानें त्याच वर्षीं पाहुण्यांसाठीं घर उघडलें होतें. पोहावें, नौकेंत बसावें, संध्याकाळीं गाणें ऐकावें, आणि कोणी येऊन उठवील ही धास्ती नसावी, एवढ्यासाठीं लोक शेंकडों मैलांवरून तेथें येत.

ग्रीन १९६० सालीं वारला. त्याच्यामागें आल्मानें हें काम चालू ठेविलें. २ जुलै १९६४ रोजीं नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेलांना व खाणावळींना रंगावरून माणूस परत पाठविणें बेकायदेशीर ठरलें. १९६६-६७ ची आवृत्ति शेवटची. ग्रीनची इच्छा पुरी झाली. मात्र तिची किंमत कोणी मोजली हेंहि सांगितलें पाहिजे. मोठ्या हॉटेलांचीं दारें उघडल्यावर यादींतल्या लहान घरांकडे कोण वळणार? आयडलवाइल्डचा तळ्याकांठ ओस पडत गेला, आणि ‘टूरिस्ट होम’ चालविणाऱ्या पुष्कळ बायांचा रोजगार गेला. मेंफिस येथील लॉरेन हें या यादींतलेंच एक उतरण्याचें ठिकाण. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजीं तेथेंच झाली, आणि आज त्या वास्तूंत नागरी हक्कांचें संग्रहालय आहे.

या पुस्तकाच्या बहुतेक आवृत्त्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधील शाखेनें जतन केल्या आहेत. १९४७ आणि १९५६ सालच्या आवृत्त्यांतील पत्ते त्या ग्रंथालयानें नकाशावर मांडून दाखविले. निघावयाचें कोठून आणि जावयाचें कोठें हें ठरवावें, कीं त्या सालीं वाटेंत कोणत्या गांवीं जेवण मिळालें असतें आणि कोणत्या बाईंच्या घरीं रात्र काढतां आली असती, तें दिसतें. कांहीं वाटांवर दोन ठिपक्यांच्या मध्यें बरेंच अंतर मोकळें राहतें.