शोधयंत्रातून दुकान हरवते तेव्हा

बंगळूरच्या जुन्या भागातील चिकपेट ही कापडाची प्रसिद्ध बाजारपेठ आहे. कन्नड भाषेत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे पेठ. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेल्या या नगरात व्यवसायांनुसार पेठा निर्माण झाल्या. अक्किपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, तर कुंबारपेटे कुंभारांची. कोणती वस्तू कोठे मिळेल, हे पेठेचे नावच सांगत असे. म्हणजे ही नावे ग्राहकांसाठी एक प्रकारची सूचीच होती.

आज दूरच्या गावचा ग्राहक दुकानाचा शोध पेठेत शिरण्यापूर्वीच सुरू करतो. तो भ्रमणध्वनीवर गूगलसारख्या शोधयंत्रात दोन-चार शब्द लिहितो आणि पहिल्या काही दुव्यांतून निवड करतो. त्यामुळे चिकपेटेतील एखाद्या साडीविक्रेत्याचे संकेतस्थळ या यादीतून नाहीसे झाले, तर दुकान जागेवर असूनही परगावच्या ग्राहकाला ते दिसत नाही. त्याचा परिणाम विक्रीवर आणि दुकानात काम करणाऱ्यांच्या रोजगारावर होतो. अशा वेळी घाबरून हाती लागेल तो उपाय करण्यापेक्षा कारण शोधणे अधिक हिताचे असते. वैद्य जसा निदान केल्यावाचून औषध देत नाही, तसेच हे आहे.

शोधयंत्राच्या तीन पायऱ्या

शोधयंत्राचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी भेटीची. शोधयंत्राची संगणक-आज्ञावली एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात संकेतस्थळांची पाने वाचते. दुसरी पायरी नोंदीची. वाचलेली पाने एका प्रचंड सूचीत नोंदवली जातात. मात्र वाचलेले प्रत्येक पान नोंदवले जातेच असे नाही. तिसरी पायरी क्रमाची. ग्राहकाने विचारलेल्या शब्दांना कोणती पाने अधिक उपयुक्त ठरतील, हे ठरवून त्यांचा क्रम लावला जातो. पान यांपैकी कोणत्या पायरीवर अडले, हे ओळखणे म्हणजेच निदान.

निदान कसे करावे?

गूगलने संकेतस्थळांच्या मालकांसाठी ‘सर्च कन्सोल’ नावाची विनामूल्य सेवा उपलब्ध केली आहे. आपले पान सूचीत आहे की नाही, नसल्यास का नाही, हे तेथे पाहता येते. यादीत पान किती वेळा दिसले आणि किती जणांनी ते उघडले, याची मागील १६ महिन्यांची आकडेवारीही तेथे मिळते.

सर्वप्रथम घट खरी आहे का, हे तपासावे. वरमहालक्ष्मीच्या सणाला रेशमी साड्यांची मागणी वाढते आणि सण उलटला की ओसरते. म्हणून या महिन्याची तुलना मागील महिन्याशी न करता, या सणाच्या काळाची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच सणाच्या काळाशी करावी. सण तिथीनुसार येत असल्याने इंग्रजी तारखाही जुळवून घ्याव्या लागतात.

घट खरी असेल आणि ती एका दिवसात अचानक झाली असेल, तर दोष बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर असतो. संकेतस्थळ नव्याने बांधताना ‘हे पान सूचीत घेऊ नये’ ही तात्पुरती सूचना काढायची राहून जाते. कधी ‘रोबॉट्स’ या सूचना-फाइलमुळे शोधयंत्राला प्रवेशच नाकारला जातो. कधी पानांचे पत्ते बदलतात, पण जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवण्याची सोय केलेली नसते. घर बदलल्यावर टपाल कार्यालयाला न कळवण्यासारखेच हे आहे.

पान सूचीत असूनही क्रम घसरला असेल, तर दोष तिसऱ्या पायरीवर शोधावा. शोधयंत्रे क्रम लावण्याच्या पद्धती वेळोवेळी बदलतात. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ या बदलाद्वारे निकृष्ट व उसन्या मजकुराची, तर २०१२ मध्ये ‘पेंग्विन’द्वारे खोटे दुवे उभारणाऱ्या पानांची घसरण घडवून आणली. नियमभंगाबद्दल थेट कारवाई झाली असल्यास तशी सूचना सर्च कन्सोलमध्ये दिसते.

नावे आणि लिपी

भारतीय भाषांच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. २००० नंतरच्या दशकात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःचे खास टंक वापरत असत. वाचकाला पडद्यावर मराठी अक्षरे दिसत. परंतु संगणकात त्यांच्या जागी वेगळीच चिन्हे साठवलेली असल्याने शोधयंत्राला तो मजकूर निरर्थक वाटे. युनिकोडचा वापर रूढ झाल्यावर ही अडचण दूर झाली. आजही जुन्या टंकातील मजकूर किंवा केवळ चित्ररूपातील दरपत्रक शोधयंत्राला नीट वाचता येईल, याचा भरवसा धरता येत नाही.

नावांचेही तसेच आहे. रोमन लिपीत या शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलून ‘बेंगळुरू’ झाले. तरी अनेक ग्राहक जुने नावच लिहितात. मराठी ग्राहक ‘इरकल’ म्हणतो, त्याच साडीला कर्नाटकात ‘इळकल’ म्हणतात. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून या शहराशी मराठीचा संबंध आहे. तेव्हा दुकानाच्या पानावर ही प्रचलित नावे वाक्यांत सहजपणे यावीत. मात्र एकच शब्द वारंवार घुसडल्यास तो नियमभंग ठरतो.

उपाय आणि संयम

दोष सापडल्यावर उपाय सोपा होतो. अडवणारी सूचना काढावी, जुने पत्ते नव्यांशी जोडावेत आणि पान पुन्हा वाचण्याची विनंती करावी. कारवाई झाली असल्यास चूक सुधारून फेरविचाराचा अर्ज करावा. मजकूर उसना असेल, तर त्याजागी स्वतःची माहिती द्यावी : साडीचे सूत कोणते, काठ कसा, लांबी किती, धुलाई कशी करावी. पानाची पुन्हा नोंद होण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. घसरलेला क्रम सावरण्यास कित्येक महिनेही लागू शकतात, आणि तो पूर्ववत होईलच अशी हमी नसते.

याच काळात ‘आठ दिवसांत पहिला क्रमांक मिळवून देतो’ असे सांगणारे लोक भेटतात. शोधयंत्राच्या मूळ यादीतील क्रम पैसे देऊन विकत घेता येत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिच्यावर तसा उल्लेख असतो. हा भेद ज्याला कळला, त्याची फसवणूक होणे कठीण. पेठेत काय किंवा शोधयंत्रात काय, ग्राहकाला हवे ते नेमक्या नावाने आणि खऱ्या माहितीसह ठेवणे, हाच टिकाऊ मार्ग आहे.

पाठावर आधारित प्रश्न

१. शोधयंत्राच्या कामाच्या तीन पायऱ्या कोणत्या?
२. या महिन्याची तुलना मागील महिन्याशी करणे का फसवे ठरू शकते?
३. तुमच्या परिसरातील एका वस्तूची प्रचलित असलेली दोन-तीन नावे लिहा. ग्राहक त्यांपैकी कोणते नाव शोधेल, ते सकारण सांगा.