आमरी अंगणात हवी, पण पठारावरची नको

पावसाळा स्थिरावला की सह्याद्रीच्या पठारांकडे पुष्पप्रेमींची रीघ लागते. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत साताऱ्याजवळील कासचे पठार आहे. तेथे येणारे बहुसंख्य लोक फुले पाहून समाधानाने परततात. एखादा मात्र मातीसकट एक रोप रुमालात गुंडाळून घरच्या कुंडीसाठी घेऊन येतो. त्यामागे दुष्ट हेतू नसतो. असते ती हौस. परंतु भुईवर वाढणाऱ्या आमरीच्या बाबतीत ही हौस त्या वनस्पतीच्या जिवावर बेतते, आणि कुंडीही अखेर रिकामीच राहते.

आमरी, म्हणजेच ऑर्किड, म्हटले की झाडाच्या फांदीला बिलगलेली वनस्पती डोळ्यांसमोर येते. तथापि आमरीच्या कित्येक जाती जमिनीत वाढतात. हबेनारिया या प्रजातीतील चिचुरकांदा हे त्याचे परिचित उदाहरण. जमिनीला चिकटलेले बहुधा एकच वाटोळे पान आणि त्यावर एकदोन शुभ्र फुले, एवढाच त्याचा संसार. पावसाचे दिवस सरले की पान वाळते आणि वर्षाचा उरलेला काळ तो कंदरूपाने मातीखाली काढतो. गेल्या वर्षीचा कंद यंदाचे पान व फूल पोसण्यात खर्ची पडतो आणि त्याच वेळी शेजारी पुढील वर्षाचा कंद भरू लागतो. ऐन फुलोऱ्यात रोप उपटणाऱ्याच्या हाती, म्हणून, एक सरत आलेला आणि एक अपुरा असे दोन कंद लागतात. त्यांतून पुढच्या आषाढात पान उगवण्याची आशा फारच थोडी.

मग बी आणून पेरावे, असे कोणी म्हणेल. पण आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते आणि अंकुराला पुरेल असा अन्नसाठा त्यात नसतो. मातीतील विशिष्ट बुरशीने त्यात शिरून अन्न पुरविले, तरच ते रुजते. हे रहस्य नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली उलगडले. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात या बुरशीचा वास असतो. कुंडीतल्या मातीत ती असेलच असे नाही.

पुढे १९२२ मध्ये लुइस नड्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर व क्षार मिसळलेल्या निर्जंतुक माध्यमावर हे बी बुरशीवाचून रुजवून दाखविले. जंगलाला हात न लावता आमरीची रोपे वाढविण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. रोपवाटिकांत ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणून मिळणारी स्पॅथोग्लॉटिस ही घरच्या बागेला साजेशी आमरी होय. मूळची आग्नेय आशियाकडील असल्याने कोकण, गोवा, मुंबईची दमट हवा तिला मानवते. नारळाच्या कोवळ्या रोपासारखी चुणीदार पाने आणि उंच दांड्यावर एकामागून एक उमलणारी जांभळी, गुलाबी वा पिवळी फुले हे तिचे वैशिष्ट्य.

तिची निगा अवघड नाही. तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा आणि जाड वाळू किंवा विटांचा चुरा समभाग घ्यावा. कंद पूर्ण पुरू नये; त्याचा वरचा भाग उघडा राहू द्यावा. सकाळचे ऊन मिळावे, दुपारचे टळावे. माती ओलसर असावी, पण पाणी साचता कामा नये. साचले की कंद सडतो. पावसाळ्यात गोगलगाईंवर लक्ष ठेवावे. देशावरील कडक उन्हाळ्यात कुंडी सावलीत हलवावी. कुंडी भरली की दोन-तीन कंदांचे गट करून वेगळे लावावे. शेजाऱ्याला द्यावयासही रोप उरते. मात्र ती पठारावर नेऊन लावण्याचा उत्साह नसावा. हवाई बेटांत हीच वनस्पती बागेबाहेर पडून मोकळ्या रानात पसरली आहे.

१९७३ साली वॉशिंग्टन येथे संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने आमरीच्या संपूर्ण कुलाचा व्यापार नियंत्रणाखाली आणला. परंतु असे करार प्रामुख्याने देशांच्या सीमांवर पहारा करतात. रुमालात गुंडाळलेले रोप त्यांना दिसत नाही. तेथे सहलीला आलेल्या शिक्षकाचा शब्दच उपयोगी पडेल. चिचुरकांद्याशेजारी वाकून त्या एकाच पानाखाली दोन कंदांचे काय चालले आहे, हे त्याने मुलांना समजावून सांगितले, तर त्यांतील बरेचसे हात आपोआप मागे येतील. फुले हवीहवीशी वाटणाऱ्या मुलासाठी शाळेच्या आवारात स्पॅथोग्लॉटिसची एक कुंडी असावी. हौस तिथे भागेल, आणि पठारावरचा कंद पुढच्या पावसाची वाट पाहत मातीतच राहील.