नगरपित्यांविना चार पावसाळे

मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली. त्यानंतर सहाच दिवसांनी ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ समारंभपूर्वक प्रसिद्ध झाला. 2050 सालापर्यंत ह्या नगरीने कर्बवायूंचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणावे, असा त्याचा संकल्प. संकल्प थोर खरा. परंतु तो ज्यांनी पार पाडावयाचा ते 227 नगरपिते त्या दिवशी पदावर नव्हते, आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत त्यांच्या जागी कोणी आलेही नाही. चार पावसाळे मुंबईने प्रशासकाच्या छत्राखाली काढले. 2024 साली वातावरणविषयक पहिले अंदाजपत्रक निघाले, तेही त्यातील पैपैचा जाब विचारणारे सभागृह रिकामे असताना!

तापत्या हवेशी आणि अवेळी कोसळणाऱ्या पावसाशी लोकशाहीला झुंजताच येणार नाही, असे मानणारी विद्वान मंडळी आहेत. लोकप्रतिनिधीची दृष्टी पुढच्या निवडणुकीपलीकडे जात नाही. सबब हे काम तज्ज्ञ आणि हुकूमदार ह्यांच्यावर सोपवावे, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांना आम्ही विचारतो, मुंबईत चार वर्षे दुसरे काय चालले होते? 26 मे 2025 रोजी मोसमी पाऊस नेहमीच्या तारखेआधी सोळा दिवस येऊन थडकला, आणि उघडून तीन आठवडेही न झालेल्या वरळीच्या भुयारी स्थानकात पाणी शिरले. स्थानकाचे नाव आचार्य अत्रे चौक! अत्र्यांची लेखणी आज असती तर... असो. ते स्थानक महापालिकेचे नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु त्या दिवशी ज्यांच्या दारात पाणी आले, त्यांनी दाद मागावी तरी कोणाकडे? प्रशासक काही कोणाच्या मतांवर निवडून आलेला नव्हता.

मात्र नगरपिते असले की सारे सुरळीत होते असे सांगणे, ही वाचकांची वंचना ठरेल. पर्जन्यजल वाहिन्यांची क्षमता तासाला 25 मिलिमीटरवरून 50 मिलिमीटरवर न्यावी, अशी शिफारस 1993 सालीच झाली होती. तेव्हा सभागृह भरलेले होते, भाषणेही झडत होती. तरी तो अहवाल बहुतांशी कपाटातच राहिला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसे गेली, तेव्हा कुठे त्यावरची धूळ झटकली गेली.

आमच्या मते खोट आहे ती लोकांना पाच वर्षांतून एकदाच विचारण्याच्या रीतीत. ब्रिटनने 2008 साली ह्यावर एक तोड काढली. उत्सर्जनाची मर्यादा पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी, आणि तीही सुमारे बारा वर्षे आधी, संसदेकडून मंजूर करून घेण्याचे बंधन कायद्याने सरकारवर आले. एक स्वतंत्र समिती दरवर्षी संसदेपुढे हिशेब मांडते आणि सरकारला त्यास उत्तर द्यावेच लागते. मंत्री बदलला तरी हिशेब चुकत नाही. तेथील एका मोठ्या पक्षाने 2025 साली हा कायदाच रद्द करू म्हणून जाहीर केले. कायदा टोचतो आहे, ह्याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आपल्याकडे तशी सोय अगदीच नाही असे नव्हे. 2009 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने महानगरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. परंतु अशा सभेस आपण बसलो होतो, असे कोणा मुंबईकरास आठवते काय? नव्या नगरपित्यांपाशी आमचे मागणे थोडके आहे. वातावरणाचे अंदाजपत्रक सभागृहात कलमवार चर्चेस येऊ द्या. आणि दरवर्षी मे उजाडण्याआधी प्रभागाप्रभागांत क्षेत्रसभा भरवून नाले किती उपसले, झाडे किती तोडली, पत्र्याच्या घरांतील उकाड्यावर काय केले, ह्याचा जबाब लोकांसमोर उभे राहून द्या. पहिली सभा कुर्ल्यास, मिठीच्या काठी व्हावी. 2005 चे पाणी ज्यांच्या घरात चढले होते, ती माणसे तेथे अजून राहतात.