मिरवणुकीआधी फोन रिकामा करताना

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाचं पथक समोर येतं, आपण फोन उंचावतो आणि पडद्यावर सूचना झळकते: जागा शिल्लक नाही. मग घाईघाईने जुने मेसेज पुसले जातात. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

यूटीएफ-८ या संगणकीय संकेतपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, उकार वेगळे मोजले जातात. ‘पुणे’ म्हणजे चार चिन्हं, १२ बाइट. शंभर चिन्हांचा निरोप ३०० बाइटांत मावतो. ३ एमबीच्या एका फोटोच्या जागेत असे दहा हजार निरोप बसतील! म्हणून आजीचे जुने निरोप पुसू नका.

खरी जागा खातो व्हिडिओ. आयफोनवर फोर-के दर्जाचं एक मिनिट साधारण १७० एमबी घेतं, १०८०पी दर्जाचं साधारण ६०. फोनच्या छोट्या पडद्यावर दर्जातला हा फरक सहसा जाणवतही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. ५ एमबीहून मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या दिसतात. सुप्रभातचे व्हिडिओ बहुधा तिथेच सापडतील. अ‍ॅपची ‘कॅश’ अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधून बिनधास्त पुसा, ‘डेटा’ मात्र नको. त्यात लॉगिन आणि नोंदी असतात.

एक गोष्ट हमखास राहून जाते. पुसलेले फोटो बहुतेक फोनमध्ये आधी कचरापेटीत जातात आणि साधारण ३० दिवस तिथेच जागा अडवतात. मिरवणुकीला निघण्याआधी ती पेटी आठवणीने रिकामी करा.