घाट उतरल्यानंतरची मालिश

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याला धास्ती असते ती यवतेश्वर घाटाच्या चढाची. दम तिथे लागतो हे खरं. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायला लावतो तो परतीचा उतार. चढताना मांडीचे स्नायू आखडत जोर लावतात. उतरताना मात्र मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी अंगाचा सगळा भार त्याला रोखून धरायचा असतो. धावताना पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. उतारावर तो झेलण्याचं काम हा स्नायू हजारो वेळा करतो. त्यात त्याच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणाऱ्या इजा होतात. शरीर त्या दुरुस्त करायला घेतं, तिथे थोडी सूज येते आणि आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून पाय शर्यत संपताच दुखत नाहीत. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतात.

अशा आंबलेल्या पायांवर मालिश केली की बरं वाटतं, हा सगळ्यांचा अनुभव. त्याचं कारण विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘लॅक्टिक अॅसिड निघून जातं.’ हे उत्तर आता सोडून द्यायला हवं. धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट आपोआप मूळ पातळीवर येतं. मंगळवारच्या दुखण्याशी रविवारच्या लॅक्टेटचा संबंध उरलेलाच नसतो. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये हाताच्या स्नायूंवर प्रयोग केला, तेव्हा व्यायामानंतर लगेच केलेल्या मालिशने स्नायूतला रक्तप्रवाह वाढण्याऐवजी अडला आणि लॅक्टिक अॅसिडचा निचरा उलट मंदावला. हाताखाली दाबली गेलेली रक्तवाहिनी रक्त कसं वाहून नेणार?

मग बरं का वाटतं? एक धागा कॅनडातच, मॅकमास्टर विद्यापीठात सापडला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 11 तरुणांना थकून जाईपर्यंत सायकल चालवायला लावली आणि प्रत्येकाच्या एकाच पायाला 10 मिनिटं मालिश केली. नंतर दोन्ही मांड्यांमधून स्नायूचे बारीक नमुने घेतले. मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या वाढीशी निगडित संकेत जास्त होते. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. प्रयोग छोटा आहे, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण हाताचा दाब पेशीपर्यंत पोचतो हे त्यातून दिसतं.

दुसरा धागा मज्जासंस्थेचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. नडगीला टेबल लागलं की आपला हात आपसूक तिथे जातो आणि आपण चोळतो. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडवतात. शिवाय संथ, लयीत फिरणाऱ्या हाताने श्वास खोल होतो आणि स्नायूवरचा ताण सैलावतो. ‘गाठ फुटली’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा काहीही फुटलेलं नसतं. मेंदूने त्या स्नायूला आवळून धरणं सोडलेलं असतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूने खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत जाणारा आयटी बँड हा पट्टा तर इतका चिवट असतो की हाताच्या जोराने तो लांबत नाही. त्याच्यावर कोपर रोवून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या मालिशचा मला मनापासून राग येतो. आधीच इजा झालेल्या स्नायूला तिने आणखी इजा होते.

मालिशने वेग वाढतो का? शेफिल्डच्या संशोधकांनी 2020 मध्ये 29 अभ्यास एकत्र तपासले. ताकद, उडी, स्प्रिंट किंवा दमसास यांपैकी कशातही मालिशने सुधारणा झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. लवचिकता आणि नंतरचं दुखणं यांत मात्र थोडा फायदा दिसला. धावणाऱ्यासाठी हा ‘थोडा’ पुष्कळ आहे. पाय कमी दुखले तर मंगळवारचा इझी रन लंगडत होत नाही, पाऊल नेहमीसारखं पडतं, गुडघ्यावर आडवातिडवा भार येत नाही. आणि नेहमीचा जाणता हात असेल तर उजवीपेक्षा डावी पोटरी जास्त आखडलेली आहे हे तुमच्याआधी त्याला कळतं. दुखापत व्हायच्या आधीच बूट, रस्ता किंवा किलोमीटर बदलता येतात.

हे आपल्याकडे नवीन नाही. व्यायामानंतर सर्वांग मर्दन करावं, तेही सुख वाटेल इतपतच, असं वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितलं आहे. कोल्हापूरच्या तालमींत मेहनत झाली की पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. त्यांच्यासाठी मालिश हा मेहनतीचाच भाग आहे. आपण धावणारे मात्र पदक गळ्यात पडल्यावरच तिची आठवण काढतो.

तिची जागा आठवड्यात ठरलेली असावी. रविवारी लाँग रन असेल तर सोमवारी संध्याकाळी किंवा मंगळवारी मालिश, आणि त्यानंतरचं धावणं हलकं. हिल रिपीट्सच्या आदल्या दिवशी खोल दाब नको. पाय जड आणि हळवे राहतात. शर्यतीआधीची शेवटची खोल मालिश चार-पाच दिवस आधी उरकावी. शर्यत संपल्यावर तंबूत कुणी पाय चोळून देणार असेल तर दहा मिनिटं, हलक्या हाताने. खोल दाबासाठी दोन दिवस थांबावं.

घरी करताना तिळाचं किंवा खोबरेल तेल कोमट करून घ्या. पाय उशीवर टेकवा आणि टाचेकडून गुडघ्याकडे लांब, सावकाश हात फिरवत स्नायू आधी सैल होऊ द्या. मग पोटरी दोन्ही हातांत धरून कणीक तिंबावी तशी मळा. आखडलेल्या जागी अंगठ्याने लहान गोल फिरवा. गुडघ्यामागच्या खळग्यात दाबू नका, तिथे रक्तवाहिन्या आणि नसा वरच्यावरच असतात. श्वास रोखला जातोय असं वाटलं की दाब जास्त झाला.

काही वेळा पायाला हातच लावायचा नसतो. शर्यतीनंतर लांबचा बस किंवा विमान प्रवास झाला आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, तर रक्ताची गुठळी असू शकते; ती मालिशने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नडगीच्या हाडावर बोटाएवढ्याच जागी दुखत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. धावताना काही तुटल्यासारखं जाणवलं असेल तर स्नायू फाटलेला असू शकतो. अशा वेळी आधी डॉक्टर. अंग खूप दुखतंय आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं.

उतारावरच्या दुखण्यावर मालिशहूनही मोठा उपाय म्हणजे आधी केलेला उताराचा सराव. स्नायूला एकदा असा भार मिळाला की पुढचे काही आठवडे तो तेवढ्याच उताराने पूर्वीइतका दुखावत नाही. म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधीच एखाद्या रविवारी थोडा घाट उतरून घ्यावा, पुढच्या रविवारी थोडा जास्त. त्या आठवड्यांत पाय दुखणारच, आणि मालिशचे पैसे राखून ठेवायचे असतील तर ते याच आठवड्यांसाठी ठेवावेत.