पेशींच्या पुड्या

वैद्याने दिलेली औषधाची पुडी आपण सोडतो, चूर्ण घेतो आणि कागद टाकून देतो. कागदाचे काम तेथे संपते. परंतु काही औषधांच्या बाबतीत खरा प्रश्न चूर्णाचा नसून कागदाचाच असतो. जनुकाला मूक करणारी औषधे ही त्यांपैकी होत.

जनुक मूक करणे म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात डीएनएच्या रूपाने प्रथिने घडविण्याच्या कृती जपून ठेवलेल्या असतात. एखादे प्रथिन हवे असते, तेव्हा ही मूळ पोथी बाहेर येत नाही. हव्या त्या कृतीची आरएनएच्या रूपातील नक्कल बाहेर येते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन घडते. १९९८ मध्ये अमेरिकेतील अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून दाखविले, की या नकलेशी जुळणारा दुपदरी आरएनए सोडला, तर पेशी स्वतःच ती नक्कल नष्ट करते. पोथी शाबूत राहते; तिचे वाचन मात्र थांबते. या शोधासाठी दोघांना २००६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तत्त्व हाती आले, तरी अडचण उरली. असा आरएनए नुसताच रक्तात टोचला, तर रक्तातील विकरे काही मिनिटांतच त्याचे तुकडे करतात. जो वाचतो, तो मूत्रपिंडांतून गाळला जातो आणि जो पेशीच्या दाराशी पोहोचतो, त्याला तिचे स्निग्ध आवरण आत येऊ देत नाही. मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून तो यकृताच्या पेशींपर्यंत नेता येतो. पॅटिसिरान हे अशा प्रकारचे पहिले औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. यकृताची वाट अशी सापडली. रोगप्रतिकारक पेशींची वाट मात्र बिकट होती, कारण परक्याला ओळखणे आणि अडविणे हेच मुळी त्यांचे काम. पहारेकऱ्याच्या हाती चिठ्ठी द्यायची, तर ती ओळखीच्याच माणसाने नेलेली बरी!

असा ओळखीचा निरोप्या शरीरातच होता. १९८३ मध्ये कॅनडातील रोझ जॉनस्टोन आणि अमेरिकेतील फिलिप स्टाल यांच्या गटांना स्वतंत्रपणे असे दिसले, की वाढीला लागलेली तांबडी पेशी नको झालेली प्रथिने इवल्याशा थैल्यांत बांधून बाहेर टाकते. या थैल्यांना पुढे ‘एक्झोसोम’ हे नाव मिळाले. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाची एक थैली धरली, तर अशा १०,००० थैल्या एका ओळीत मांडल्यावर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. पेशीचा केरकचरा म्हणून बरीच वर्षे त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००७ मध्ये स्वीडनमधील यान लोटवाल यांच्या गटाने उंदराच्या मास्ट पेशींतून निघालेल्या थैल्या मानवी मास्ट पेशींना दिल्या, तेव्हा मानवी पेशींत उंदराची प्रथिने तयार झाली! कचऱ्याच्या पुडीत आरएनएचा वाचता येण्याजोगा मजकूर होता.

मग प्रश्न आला, की हा मजकूर आपण लिहावा काय? २०११ मध्ये ऑक्सफर्डमधील मॅथ्यू वुड यांच्या गटाने उंदराच्याच पेशींपासून मिळविलेल्या थैल्यांवर मेंदूचा ‘पत्ता’ सांगणारे प्रथिन बसविले, आत जनुकशामक आरएनए भरला आणि तो उंदरांच्या मेंदूपर्यंत पोहोचविला.

रोगप्रतिकारक पेशींच्या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील कोडियाक या कंपनीचे आहे. कर्करोगाच्या गाठीत महाभक्षी पेशी मोठ्या संख्येने शिरतात. त्यांनी गाठीवर तुटून पडावे, ही अपेक्षा. पण गाठ त्यांना भुलविते. जखम भरून काढताना त्या जशा सौम्य होऊन नव्या ऊतींना पोसतात, तशाच त्या गाठीला पोसू लागतात. रक्षकच घरभेदी होतो, असे म्हटले तरी चालेल. हे वळण लावण्यात ‘स्टॅट-६’ या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. त्याची आरएनए-नक्कल नष्ट करणारा छोटा एकपदरी रेणू थैल्यांबरोबर पाठविण्यात आला. गंमत अशी, की महाभक्षी पेशी थैल्या वाटेतच गिळून टाकतात, अशी इतर संशोधकांची तक्रार असते. येथे तर त्यांनी त्या गिळाव्यात, हीच इच्छा होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांमधील गाठींची वाढ ९० टक्क्यांहून अधिक रोखली गेली आणि त्याच वर्षी यकृतातील कर्करोगाच्या रुग्णांवर चाचणी सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पैशाखेरीज इतर अडचणीही आहेत. पेशी थैल्या थोड्याच देतात आणि एक थैली दुसरीसारखी नसते. आत आरएनए भरण्यासाठी विजेचा झटका देतात. तथापि २०१३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की त्या झटक्याने आरएनएच्या गुठळ्या होतात आणि थैल्या भरल्याचा नुसता भास होऊ शकतो.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. केस आणि त्वचा यांच्या उपचारांच्या जाहिरातींत ‘एक्झोसोम’ हा शब्द आता तुमच्या वाचनात येईल. वर वर्णिलेल्या संशोधनाशी त्या उपचारांचा संबंध नाही. काही रुग्णांना अशा उत्पादनांमुळे गंभीर अपाय झाल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केले, की एक्झोसोमच्या एकाही उत्पादनाला त्याने मान्यता दिलेली नाही.