कल्पित राज्याचा हिशेब

शौर्य, कारस्थानं आणि अद्भुत प्रसंगांनी भरलेली ‘वीरधवल’ ही कादंबरी ज्यानं लिहिली, त्या लेखकाला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं. द्वारकानाथ माधव पितळे ऊर्फ नाथमाधव (१८८२–१९२८) ऐन तारुण्यात शिकारीला गेले, सिंहगडावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. अंथरुणावर वाचन वाढलं, वाचनातून लेखन सुरू झालं.

अद्भुत लिहायचं म्हणजे काहीही खपतं, हा समज साफ चुकीचा आहे. सामाजिक कादंबरीत लोहाऱ्याची एसटी आली एवढं म्हटलं की भागतं. कल्पित राज्यात घोडा दिवसाला किती मजल मारतो, सारा कोण गोळा करतो, मंत्राची किंमत काय, हे सगळं लेखकालाच ठरवावं लागतं आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावंही लागतं. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९३७ मध्ये लिहायला घेतली आणि ती छापून आली १९५४–५५ मध्ये. शिकवणं आणि पेपर तपासणं सांभाळून ते नकाशातली अंतरं, चंद्राच्या कलासुद्धा जुळवत बसत.

समजा, धाराशिव जिल्ह्यात लोहाऱ्याजवळच्या माकणीत बसून कुणी तेरणाकाठचं असं राज्य उभारायला घेतलं. सामग्री हाताशी आहे: गावाजवळचं निम्न तेरणा धरण, नळदुर्गचा पाणीमहाल, रोमशी व्यापार करणारं प्राचीन तेर. पण नदी नवस घेऊन पाणी देते असं एकदा लिहिलं, की दुष्काळाच्या प्रकरणात नवस कुणाचा चुकला, याचं उत्तर द्यावंच लागणार. खरं काम तिथंच असतं.

एवढ्या कष्टाचे पैसे किती मिळतात? नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभरावर पुस्तकं लिहिली. भयकथेइतकीच त्यांची अद्भुतावरही पकड होती. त्यांचा मोठा वाचकवर्ग वाचनालयांतला. तिथं एकच प्रत पानं सुटेपर्यंत फिरते, लेखकाला मानधन मात्र त्या एका प्रतीचंच. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेलं गेलं की लेखकाच्या नावावर काही पेन्स जमा होतात. वर्षाची कमाल मर्यादा ६,६०० पौंड. भारतात असा कायदा नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अनुदानही मिळतं. त्यात लेखकाचा वाटा धरावा, ही मागणी लेखकांनी आणि वाचकांनी मिळून सरकारपुढं लावून धरायला हवी.